डिप्लोमानंतर चार वर्षांनी थेट दुसऱ्या वर्षात: डीएसई प्रवेशाचे आठ महिने

मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन चार वर्षं झालेली, भोसरीतल्या एका कारखान्यात क्वालिटीला नोकरी, शिफ्ट तिन्ही, प्रवर्ग ओबीसी. माझ्याबद्दल एवढं पुरे. बाकी सगळं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाच्या, म्हणजे डीएसईच्या, प्रवेशाबद्दल आहे. जानेवारीत ठरवलं आणि सप्टेंबरात वर्गात बसलो. नियम माहितीपुस्तिकेत असतात, ती नीट वाचली तर सापडतात. पण कुठल्या ओळीवर माणूस अडकतो ते तिथे लिहिलेलं नसतं, म्हणून हा खटाटोप.

जानेवारीत पहिला प्रश्न सगळ्यांचा असतो तोच होता: नोकरी न सोडता डिग्री मिळते का? शॉपवरचे सीनिअर लोक एएमआयई सुचवतात. कोलकात्याची इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स ही १९२० सालची जुनी संस्था, तिच्या सेक्शन ए आणि बी परीक्षा देऊन कित्येक डिप्लोमावाले पुढे गेले. पण केंद्र सरकारने या परीक्षेला पदवीच्या बरोबरीचं मानणं ३१ मे २०१३ पर्यंत नोंदणी केलेल्यांपुरतंच ठेवलंय. आज नाव घालून सरकारी भरतीत ती बी.ई. म्हणून पुढे करता येत नाही. दुसरा सल्ला पत्राद्वारे बी.टेक.चा. दूरशिक्षणाने इंजिनिअरिंगची पदवी एआयसीटीईला, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेला, मान्य नाही, आणि काही अभिमत विद्यापीठांनी अशा वाटलेल्या पदव्यांचं काय झालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१७ च्या निकालात आहे. 'घरबसल्या बी.टेक., परीक्षा आम्ही बघून घेऊ' म्हणणारा फोन मलाही दोनदा आला. पुढचं वाक्य ऐकायची गरज नाही.

तिसरा रस्ता खरा आहे आणि आधी तोच तपासावा: नोकरदारांसाठीची वेगळी बॅच. एआयसीटीईने २०२३-२४ पासून नेहमीच्या कॉलेजांना अशा बॅचेस चालवायला परवानगी दिली, तास संध्याकाळी किंवा सोयीच्या वेळी. सुरुवातीची अट किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव आणि कामाचं ठिकाण कॉलेजपासून ५० किलोमीटरच्या आत अशी होती. सध्याचं अंतर त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघा. माझं घोडं अडलं ते अंतरावर नाही, पत्रावर. काम कंपनीत, पण अपॉइंटमेंट लेटर आणि पीएफ ठेकेदाराच्या नावावर. ठेकेदाराने तीन आठवडे 'उद्या देतो' केलं आणि अखेर जे दिलं त्यावर ना रुजू तारीख होती, ना हुद्दा. ज्यांना हा रस्ता घ्यायचाय त्यांनी अनुभवपत्रावर रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, कामाच्या ठिकाणचा पूर्ण पत्ता आणि सही-शिक्का एवढं डिसेंबरातच मागून ठेवावं, पगाराच्या पावत्या जोडीला.

माझ्यासाठी मग नेहमीचा पूर्णवेळ डीएसई उरला. नोकरी सोडावी लागणार हे फेब्रुवारीत स्पष्ट झालं आणि त्या आठवड्यात झोप बेताचीच लागली. चालू नोकरीचा पगार एका बाजूला आणि तीन वर्षांचं शिक्षण दुसऱ्या बाजूला, हा हिशेब कागदावर मांडला की अंगावर येतो. तरी मांडावा.

आता पात्रता. एआयसीटीईच्या नियमाने किमान तीन वर्षांचा इंजिनिअरिंग डिप्लोमा, शाखा कुठलीही, ४५ टक्के. महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४० टक्के. सीईटी नाही. हे ठळक सांगतो, कारण माझ्याच ओळखीत एकाने क्लासला पैसे भरले. गुणवत्ता यादी डिप्लोमाच्या अंतिम वर्षाच्या टक्केवारीवर लागते. म्हणजे माझे मार्क चार वर्षांपूर्वीच ठरलेले होते, आता अभ्यास करून ते वाढणार नव्हते. हातात दोनच गोष्टी उरतात, कागद आणि ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीक्रमाची यादी. पुढचे सहा महिने सगळी धावपळ या दोनांभोवतीच झाली.

बारावीला गणित असलेले बी.एस्सी.वालेही ४५ टक्क्यांवर थेट दुसऱ्या वर्षाला पात्र असतात. पण त्यांचा विचार डिप्लोमावाल्यांच्या नंतर होतो आणि पहिल्या वर्षाचं इंजिनिअरिंग ड्रॉइंग व मेकॅनिक्स हे दोन विषय त्यांना दुसऱ्या वर्षासोबत सोडवावे लागतात. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिग्रीचा थेट रस्ता नाही, मात्र डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि तिथून मग हा. आमच्या शॉपवरच्या एका फिटरला मी हे कागदावर काढून दिलं: डिप्लोमाची दोन वर्षं आणि पुढे डिग्रीची तीन. त्याने तो कागद टूलबॉक्सच्या झाकणाला आतून चिकटवलाय.

बारावी झालीय पण नोकरी सोडणं शक्यच नाही, अशांसाठी आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बी.एस. आहे. डेटा सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक सिस्टिम्स, मधल्या टप्प्यावर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. ती बी.टेक. नाही हे संस्था स्वतःच सांगते.

मार्चमध्ये कागदांची फाइल उघडली. दहावीची गुणपत्रिका, डिप्लोमाच्या गुणपत्रिका, डिप्लोमा कॉलेजचा एलसी, नॅशनॅलिटी-डोमिसाइल, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेयर (कुटुंब उन्नत गटात नसल्याचा दाखला). पहिले सहा होते. व्हॅलिडिटी पॉलिटेक्निकला असतानाच काढलेली होती, आणि ही एक गोष्ट वेळेवर केल्याबद्दल स्वतःचे आभार मानले. पडताळणी समितीचं काम आठवड्यांत मोजायचं नसतं. गंमत नॉन-क्रिमिलेयरमध्ये झाली. माझं होतं, लॅमिनेट केलेलं होतं, मी खुशीत होतो. खाली बारीक अक्षरांत मुदत होती ३१ मार्च, त्याच वर्षाची. प्रवेशाला जे लागतं ते पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं. हे माझ्या लक्षात आलं १० जूनला.

जूनमध्ये सेतू केंद्रात काय असतं ते ज्याने बघितलंय त्याला सांगायला नको. अकरावीवाले, डिप्लोमावाले, फार्मसीवाले, सगळ्यांना एकाच आठवड्यात दाखला हवा असतो. नॉन-क्रिमिलेयरला तीन वर्षांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलदाराचा. त्यासाठी तलाठ्याचा अहवाल किंवा पगारदारांना फॉर्म १६. उत्पन्न आईवडिलांचं बघतात, अर्जदाराचा स्वतःचा पगार नव्हे. माझी सॅलरी स्लिप घेऊन मी उगीचच उभा होतो. उत्पन्नाचा दाखला सहा दिवसांत आला. तो जोडून केलेला नॉन-क्रिमिलेयरचा अर्ज प्रांत कार्यालयाकडून १७ दिवसांनी मंजूर झाला, मध्ये एकदा 'जातीचा दाखला अस्पष्ट' म्हणून परत आला होता. झेरॉक्सचा फोटो काढून अपलोड केला की हेच होतं. मूळ कागद सपाट ठेवून स्कॅनरवर २०० डीपीआयला स्कॅन करा आणि पीडीएफ उघडून गोल शिक्क्यातली अक्षरं वाचता येतात का ते स्वतः बघा. दोन्ही दाखले, प्रतिज्ञापत्र, स्कॅनिंग मिळून साडेचारशे रुपये आणि तीन अर्ध्या रजा.

हेच काम एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात करावं. नवं आर्थिक वर्ष सुरू झालेलं असतं आणि रांगेत चारच माणसं असतात. ईडब्ल्यूएसवाल्यांनाही तेच लागू, तो दाखलाही चालू वर्षाचाच लागतो.

तोवर राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर नोंदणी सुरू झाली होती. प्रमाणपत्र हातात नसेल तर अर्ज केल्याची पावती लावून फॉर्म भरता येतो, पण मूळ प्रमाणपत्र दिलेल्या तारखेपर्यंत दाखवलं नाही तर तुम्ही आपोआप खुल्या प्रवर्गात जाता. मी पावती लावली आणि पुढचे दोन आठवडे रोज सकाळी मोबाइलवर तेच एक पान उघडत राहिलो.

कागद तपासून घ्यायचे दोन मार्ग: ई-स्क्रुटिनी घरूनच, नाहीतर केंद्रावर मूळ कागद घेऊन. मी ई-स्क्रुटिनी निवडली आणि अर्ज तिसऱ्या दिवशी परत आला. शेरा एका ओळीचा: गुणांची नोंद जुळत नाही. माझ्या सहाव्या सत्राच्या गुणपत्रिकेवर दोन बेरजा आहेत, एक त्या सत्राची आणि दुसरी पाचव्या-सहाव्या सत्रांची मिळून, जिच्यावरून क्लास दिलाय. मी पहिली भरली होती, कारण ती वर छापलेली होती. खालची भरायची होती. फरक दोन टक्क्यांचा, आणि माझ्या नुकसानीचा. तपासणाऱ्याने परत पाठवला नसता तर मी कमी टक्क्यांवरच यादीत गेलो असतो. स्वायत्त पॉलिटेक्निकवाल्यांच्या गुणपत्रिकेवर नुसते ग्रेड पॉइंट असतील, तर टक्केवारीचं रूपांतर संस्थेच्या लेटरहेडवर आधीच घेऊन ठेवावं.

नावाचंही बघून ठेवा. दहावीला आडनाव आधी, आधारवर शेवटी, एवढ्याने बिघडत नाही. पण वडिलांच्या नावात एके ठिकाणी 'राव' आहे आणि एके ठिकाणी नाही, याला शंका काढतात. लग्नानंतर नाव बदललेल्या आमच्या एका सहकारी ताईंनी फॉर्म डिप्लोमावरच्या माहेरच्या नावानेच भरला आणि राजपत्राची प्रत जोडली. त्यांचा अर्ज पहिल्याच फेरीत पास झाला.

दिव्यांग उमेदवारांसाठी ५ टक्के जागा असतात, दिव्यांगत्व ४० टक्के किंवा जास्त असावं लागतं आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) जवळ असलेलं बरं. परीक्षेत ताशी किमान २० मिनिटं जादा वेळ किंवा लेखनिक मिळतो. तो आपोआप मिळत नाही, सत्र सुरू होताच कॉलेजमार्फत विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो. आमच्या वर्गातल्या एकाचा हा अर्ज पहिल्या चाचणीच्या आदल्या दिवशी पोचला.

तात्पुरती गुणवत्ता यादी लागली की नाव, प्रवर्ग, टक्केवारी तिन्ही पुन्हा वाचा. हरकत नोंदवायला दोन-तीन दिवस असतात आणि अंतिम यादी लागल्यावर कुणी ऐकत नाही. नंबर चार आकडी आला तर घाबरू नका. जागा किती हे बघितल्याशिवाय नंबराला अर्थ नसतो.

आणि जागांचं गणित हा या प्रक्रियेचा गाभा. डीएसईला मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के जागा जादाच्या मिळतात, शिवाय पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या. ६० च्या तुकडीत हमखास अशा ६ च. कॉम्प्युटरची तुकडी पहिल्याच वर्षी भरलेली असते, म्हणजे त्या ६ जागांवर अख्ख्या राज्यातले नव्वदीपारचे डिप्लोमावाले. शाखा कुठलीही चालत असल्याने मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकलवालेही तिथेच रांगेत. उलट त्याच कॉलेजच्या मेकॅनिकलला गेल्या वर्षी १५ जागा रिकाम्या राहिल्या असतील तर यंदा २१ उघडतात. त्यामुळे गेल्या वर्षीचा कटऑफ पुढच्या वर्षी पाच-सात टक्क्यांनी सहज घसरतो किंवा चढतो. यूट्यूबवरच्या 'एवढ्या टक्क्यांना हे कॉलेज' याद्या म्हणूनच फसवतात. आधी त्या वर्षीची सीट मॅट्रिक्स, म्हणजे जागांचा तक्ता, उघडा, आपल्या शाखेच्या जागा मोजा, मग जुना कटऑफ शेजारी ठेवा. कटऑफमधलं जी म्हणजे सर्वसाधारण आणि एल म्हणजे मुलींसाठीची जागा. ओबीसी उमेदवार आधी खुल्या जागेतही धरला जातो, म्हणून आपल्याला दोन्ही रकाने वाचायचे असतात.

ऑप्शन फॉर्मसाठी मी तीन रविवार दिले. वहीत प्रत्येक कॉलेजसमोर चार रकाने: जागा, गेल्या वर्षीचा कटऑफ, शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेली फी, घरापासून बसने लागणारा वेळ. फी कॉलेजच्या माणसाच्या तोंडून ऐकू नका, प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर कॉलेजवार मिळते. क्रम लावताना 'मिळेल ते वर' असं बऱ्याच जणांनी केलं आणि पस्तावले. यादी वरून खाली तपासली जाते आणि जिथे पहिल्यांदा बसता ते मिळतं. म्हणून सर्वांत हवं ते एक नंबरला, मिळण्याची आशा कितीही कमी असली तरी. खाली ठेवल्याने त्याची शक्यता वाढत नाही आणि वर ठेवल्याने खालच्याची कमी होत नाही. मी ३४ पर्याय भरले. भरून झाल्यावर कन्फर्म करायचं असतं. नुसतं सेव्ह केलेला फॉर्म धरलाच जात नाही, आणि दरवर्षी कुणीतरी हे शेवटच्या रात्री शोधून काढतं.

पहिल्या फेरीत अकरावा पर्याय लागला. आमच्या वेळी पहिला पर्याय लागला तर जागा आपोआप फ्रीझ, म्हणजे कायम, होत होती. माझ्यापुढे दोन दारं होती: स्वतः फ्रीझ करायचं किंवा जागा स्वीकारून बेटरमेंटला, म्हणजे वरच्या पर्यायाच्या आशेने पुढच्या फेरीला, जायचं. दोन्हीला स्वीकृती शुल्क १,००० रुपये. बेटरमेंटची मेख अशी, की पुढच्या फेरीत वरचं काही लागलं तर आधीची जागा त्याच क्षणी जाते, परत मागता येत नाही. म्हणून मी दुसऱ्या फेरीची यादी भरताना नवव्या आणि दहाव्या पर्यायांना काट मारली. ती कॉलेजं आधी भरली होती खरी, पण अकराव्यापेक्षा त्यांच्यात खरंच जायचंय का, असं विचारल्यावर उत्तर 'नाही' होतं. एकाला रोज दोन तास बस, दुसऱ्याची फी दीडपट. दुसऱ्या फेरीत चौथा पर्याय लागला. दुपारी सेकंड शिफ्टला गेज रूममध्ये होतो. मायक्रोमीटर बाजूला ठेवून तो स्क्रीनशॉट घरी पाठवला आणि पुन्हा रीडिंग घेत बसलो, कारण ट्रे भरलेला होता.

राजीनामा मात्र जागा पक्की झाल्यावरच दिला. एक महिन्याची नोटीस होती, कॉलेजात हजर व्हायला मिळतात मोजके दिवस. मी शिल्लक रजा नोटिशीत वळती करून घेतली. ज्यांना हे करायचंय त्यांनी रजा जूनमध्ये उडवू नये.

कॉलेजात मूळ कागद, तीन संच झेरॉक्स, फोटो आणि गॅपचं प्रतिज्ञापत्र लागलं. चार वर्षं काय करत होतो हे त्यात लिहायचं असतं. अनुभवपत्र जोडलं तर कुणी पुढे विचारत नाही. फीबाबत आधी वाचून जा. ओबीसीला कॅपमधून, म्हणजे या केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतून, प्रवेश असेल आणि कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्काची ५० टक्के प्रतिपूर्ती मिळते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने त्याच मर्यादेत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खुल्या गटातल्यांसाठी राजर्षी शाहू शिष्यवृत्ती. तिन्हींत डेव्हलपमेंट फी आपल्याच खिशातून, हे काउंटरवर कळलं की चेहरा पडतो. सवलतीचा हिस्सा आधी भरून घेऊ नये असं सरकारचं कॉलेजांना सांगणं आहे. आमच्याकडे काउंटरवर पूर्ण रक्कम मागितली गेली, मी परिपत्रकाची प्रत पुढे केली, मग हमीपत्रावर काम झालं. आवाज न चढवता उभं राहिलं की होतं.

कॅप संपल्यावर संस्था स्तरावर जागा भरतात. काहींना तिथे चांगली शाखाही मिळते. पण तो प्रवेश कॅपचा धरत नाहीत आणि या सवलती हातच्या जातात. कॅपमधली जागा सोडून तिकडे उडी मारण्याआधी तीन वर्षांची पूर्ण फी एकदा बेरजेत मांडा.

मी वर्गात पोचलो तेव्हा सत्राचे पाच आठवडे होऊन गेले होते. हे दरवर्षी होतं, डीएसईच्या फेऱ्या उशिरा संपतात. कारखान्यात ड्रॉइंग, टॉलरन्स, मशीन शॉप हाताखालून गेलेलं असल्याने प्रात्यक्षिकांत डिप्लोमावाल्याला काही वाटत नाही. नडतं ते गणित. दुसऱ्या वर्षातलं एम-थ्री हे पहिल्या वर्षातलं एम-वन, एम-टू झालंय असं धरून चालतं. आंशिक विकलन, मॅट्रिक्सची रँक, आयगेन व्हॅल्यू, दुहेरी संकलन, यांतलं डिप्लोमात फारसं काही झालेलं नसतं. सरांनी फळ्यावर उच्च कोटीचं डिफरन्शियल इक्वेशन मांडलं आणि 'कॉम्प्लिमेंटरी फंक्शन तुम्हाला येतंच' म्हणाले, तेव्हा आम्ही सातजण एकमेकांकडे बघत होतो. नियमाने विद्यापीठांनी अशांसाठी ब्रिज कोर्स द्यायचा असतो. विभागप्रमुखांकडे सातजणांच्या सह्यांचा अर्ज दिल्यावर शनिवारी दोन तास सुरू झाले. जे अजून जागेची वाट बघतायत त्यांनी जुलै-ऑगस्ट मोकळा न घालवता एम-वन, एम-टूची जुनी पुस्तकं सेकंडहँड घ्यावी. मला अप्पा बळवंत चौकात दोन्ही मिळून २२० रुपयांत मिळाली.

शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर ऑक्टोबरात भरला. बँक खातं आधारशी जोडलेलं असून भागत नाही, ते सरकारी अनुदानासाठी मॅप केलेलं असावं लागतं, बँकेत वेगळा फॉर्म भरून. हप्ता मंजूर झाल्यावरही लॉगिनमध्ये जाऊन रिडीम दाबावं लागतं. माझा अर्ज सध्या कॉलेजच्या लॉगिनला आहे, खिडकी मंगळवार-गुरुवार तीन ते पाच उघडी असते, आणि पुढच्या वर्षीच्या नूतनीकरणाला नवा उत्पन्नाचा दाखला लागणार म्हणून मोबाइलमध्ये ७ एप्रिलचा गजर लावून ठेवलाय.